पाळण्यात बसण्याचा हक्क

भोकर तालुक्यातल्या एका गावची जत्रा. गावाचं नाव आम्ही इथे लिहीत नाही, कारण ज्यांच्या लेकरांची ही गोष्ट आहे त्यांना त्याच गावात राहायचं आहे. जत्रेत आकाशपाळणा आला होता. आमच्या वस्तीतली चार पोरं तिकीट काढून पाळण्यात बसली. पाळणा सुरू व्हायच्या आत गावातले तिघे-चौघे तरुण आले आणि पाळणेवाल्याला म्हणाले, "ह्यांना उतरव, वरच्या खाटल्यात आमच्या घरच्या बाया हायत." पाळणेवाला परमुलखातला, भटक्या जमातीचा. त्याला पुढचे तीन दिवस त्याच मैदानावर काढायचे होते. त्याने पोरांना उतरवलं आणि पैसे परत दिले. पोरं घरी आली.

आम्हाला हे आठ दिवसांनी कळलं. आम्ही वस्तीवर गेलो आणि तक्रार देऊ म्हणालो. तेव्हा एक आजोबा म्हणाले, "लेकरायच्या पाळण्यापायी कोण ठाण्यात जातंय? मारलं नाही, शिवी दिली नाही, पैसे बी माघारी दिले."

आजोबांचा राग येण्याचं कारण नाही. त्यांनी आयुष्यात पाण्यासाठी, गायरानासाठी आणि मजुरीसाठी भांडणं केली आहेत. त्या मानाने पाळणा किरकोळच. आमच्या चळवळीतल्या काही शिकलेल्या मित्रांनीही तेच ऐकवलं, जरा वेगळ्या शब्दांत: जत्रा मुळात देवाची, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, तिथे जायचंच कशाला? पोटाचे आणि शिक्षणाचे प्रश्न सोडून पाळण्याचं काय घेऊन बसलात?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही इतिहासात बरेच लांब गेलो, थेट न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका लाकडी रोलर कोस्टरपर्यंत. आणि परत आलो तेव्हा हातात भारताच्या संविधानाचं कलम १५ होतं.

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला कोनी आयलंड नावाचा किनारा आहे. १६ जून १८८४ रोजी लामार्कस थॉम्प्सन नावाच्या माणसाने तिथे 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. जत्रेतला पाळणा डोळ्यांपुढे आणला तर ती कळणार नाही. दोन उंच लाकडी मचाणं आणि त्यांच्यामध्ये लाटेसारखा वर-खाली जाणारा सुमारे ६०० फुटांचा लाकडी मार्ग. लोक जिना चढून मचाणावर जायचे आणि बाकावर बसायचे. गाडी उतारावरून स्वतःच्या वजनाने सुटायची. इंजिन नाही, बैल नाही. पलीकडच्या टोकाला लोक उतरायचे, नोकर गाडी ढकलून दुसऱ्या रुळावर चढवायचे आणि परतीचा प्रवास सुरू व्हायचा. वेग ताशी सहा मैल, म्हणजे आपली सायकलसुद्धा पुढे निघून जाईल. तिकीट पाच सेंट. तरीही लोकांच्या रांगा लागल्या. थॉम्प्सन धार्मिक वृत्तीचा होता. लोकांनी दारूचे गुत्ते सोडून निरोगी मौज करावी, अशी त्याची इच्छा होती.

आता त्याच्या आठ महिने मागे या. १५ ऑक्टोबर १८८३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा रद्द ठरवला. गुलामगिरी संपल्यावर झालेला हा कायदा होता. धर्मशाळा-खानावळी, जमिनीवरची आणि पाण्यावरची वाहनं, नाटकगृहं आणि सार्वजनिक करमणुकीची इतर ठिकाणं यांचा पूर्ण आणि समान उपभोग प्रत्येकाला, वंश आणि रंग न पाहता मिळेल, असं त्यात म्हटलं होतं. नाकारणाऱ्याला दंड आणि कैद होती. न्यायालयापुढे एकत्र आलेल्या खटल्यांत कुठे खानावळीने जागा नाकारली होती, कुठे रेल्वेने, तर कुठे नाटकगृहाने. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी निकाल लिहिला. चौदावी घटनादुरुस्ती फक्त राज्यसंस्थेला बांधते, खाजगी माणसाने नाटकगृहात कोणाला घ्यावं न घ्यावं हा तिचा विषय नाही, असा त्याचा सारांश. नऊपैकी आठ न्यायाधीश एका बाजूला. विरोधात एकटे हार्लन, आणि तेही केंटकीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले.

म्हणजे अमेरिकेत करमणुकीच्या ठिकाणी समान प्रवेशाचा कायदा मेला आणि पुढच्याच उन्हाळ्यात करमणूक बागांचं युग सुरू झालं. पुढच्या चाळीस वर्षांत शहराशहरांत लाकडी रोलर कोस्टर उभे राहिले. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर एक बाग, तिच्यात कोस्टर, मेरी-गो-राउंड, नाचघर, पोहण्याचा तलाव. स्थलांतरित मजूर, दुकानांतल्या पोरी, कारकून सगळे तिथे यायचे. पुस्तकांत या बागांना लोकशाहीची शाळा म्हटलं जातं, कारण तिथे इटालियन, आयरिश, ज्यू आणि पोलिश माणसं एका बाकावर बसून किंचाळली. मात्र यातल्या असंख्य बागांत काळ्या माणसाला त्या बाकावर जागा नव्हती. काळ्या माणसाची जागा कुठे होती तेही नोंदलेलं आहे. कापडाच्या पडद्याला भोक पाडून त्यातून एका काळ्या माणसाचं डोकं बाहेर काढायचं आणि पैसे देऊन गिऱ्हाइकांनी त्याच्यावर चेंडू मारायचे, हा खेळ तिथल्या जत्रांत आणि बागांत कित्येक दशकं चालला. गोऱ्याने खेळायचं आणि काळ्याने खेळणं व्हायचं. गावच्या जत्रेत नाचणारी कोण आणि फेटे उडवणारा कोण हे ज्याने पाहिलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

कोनी आयलंडचा सर्वांत प्रसिद्ध कोस्टर म्हणजे सायक्लोन. तो २६ जून १९२७ ला सुरू झाला आणि आजही चालू आहे. सांगाडा पोलादी, पण मार्ग लाकडाचा. उंची ८५ फूट, बारा उतार, वेग ताशी ६० मैलांपर्यंत, आणि सगळा प्रवास दोन मिनिटांच्या आत आटोपतो. लाकडी मार्ग धावताना किंचित लवतो आणि खडखडतो. त्या लवण्यातच त्याची मजा आहे, असं जाणकार सांगतात. सुरुवातीला तिकीट २५ सेंट होतं. शहराने १९६९ मध्ये तो विकत घेतला. शेजारचं मत्स्यालय वाढवण्यासाठी तो पाडण्याचा विचार होता, पण लोकांनी मोहीम करून तो वाचवला. १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला जतन करायची वास्तू म्हणून घोषित केलं. लोक एका कोस्टरसाठी भांडले आणि त्यांना कोणी पोटाचे प्रश्न विचारले नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

१९२७ हे साल आमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. २० मार्चला महाडचं चवदार तळं आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. सायक्लोन या दोन तारखांच्या मधला. निव्वळ योगायोग, त्यावर इमारत बांधण्यात अर्थ नाही. पण सायक्लोनच्या मालकांची पुढची कथा योगायोगापेक्षा जास्त आहे. जॅक आणि आयर्व्हिंग रोझेन्थल या भावांनी तो उभा केला. पुढे १९३५ मध्ये त्यांनी नदीपलीकडची, न्यू जर्सीतली पॅलिसेड्स ही बाग घेतली. बागेत काळ्यांना प्रवेश होता, पण तिथल्या प्रचंड मोठ्या पोहण्याच्या तलावात नव्हता. विचारलं तर उत्तर मिळे की हा क्लब आहे, फक्त सभासदांसाठी. गोऱ्या माणसाला मात्र सभासदत्व न विचारता आत सोडलं जाई. १९४७ च्या उन्हाळ्यात 'कोअर' या संघटनेचे गोरे-काळे कार्यकर्ते दर आठवड्याला तिकीट खिडकीपुढे रांग लावून उभे राहिले. मार खाल्ला, अटक झाली. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि १९४९ मध्ये न्यू जर्सीने पोहण्याचे तलाव स्पष्ट शब्दांत समाविष्ट करणारा नागरी हक्क कायदा केला. महाडला पाणी पिण्याचं होतं, इथे पोहण्याचं. विटाळाची कल्पना मात्र एकच, आणि पळवाटही एकच. महाडलाही तळं सार्वजनिक नसून खाजगी आहे असाच दावा प्रतिपक्षाने न्यायालयात केला होता. तो खटला मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला बाबासाहेबांच्या बाजूने निकाली निघाला.

आता मुख्य धाग्याकडे येऊ. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात होते. तो काळ कोनी आयलंडच्या भरभराटीचा. बाबासाहेबांचा वेळ ग्रंथालयात गेला, आणि त्यांनी तिथून काय आणलं ते १९३० मध्ये दिसलं. पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची एक योजना सादर केली. तिच्यात समान हक्कांच्या उपभोगासाठी गुन्ह्याचं एक कलम सुचवलेलं आहे. ते कलम आणि अमेरिकेचा १८७५ चा कायदा शेजारी ठेवून वाचा. रचना तीच, शब्दही जवळजवळ तेच. सर्वोच्च न्यायालयाने सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मारून टाकलेला कायदा बाबासाहेबांनी उचलला आणि भारतासाठी जिवंत केला.

पण त्यांनी नुसती नक्कल केली नाही, आणि आम्हाला या सगळ्यात सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही. अमेरिकन यादीत धर्मशाळा, वाहनं, नाटकगृहं आणि करमणुकीची ठिकाणं होती. बाबासाहेबांनी त्यात शिक्षणसंस्था, रस्ते, वाटा, तळी, विहिरी आणि पाणवठे घातले. तळी आणि विहिरी हे शब्द अमेरिकेच्या कायद्यात नव्हते, ते महाडहून आले. आणि पाणी आत घेताना त्यांनी करमणूक बाहेर काढली नाही. विहीर आणि नाटकगृह एकाच वाक्यात ठेवलं. एकीकडे समाज पाण्यासाठी डोकी फोडून घेत असताना, "करमणुकीचं नंतर पाहू" असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. शिक्षा तर वाढवलीच: १८७५ च्या कायद्यात कैद जास्तीत जास्त एक वर्ष होती, त्यांनी पाच वर्षांपर्यंत मागितली. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही हे कलम पुन्हा आहे, करमणुकीसकट.

तिथून ते संविधानात आलं. मसुद्यातल्या नवव्या कलमावर २९ नोव्हेंबर १९४८ ला चर्चा झाली. दुकान म्हणजे नेमकं काय, न्हाव्याचं आणि धोब्याचं दुकान त्यात येतं का, असं सभासदांनी विचारलं. बाबासाहेबांनी सांगितलं की जिथे पैसे घेऊन सेवा दिली जाते ते सगळं त्यात येतं. आज ते कलम १५ आहे. त्याचा पहिला खंड राज्याने भेदभाव करू नये असं सांगतो. दुसरा खंड दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं, तसंच राज्याच्या पैशाने राखलेल्या किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते यांबद्दल बोलतो. आणि या दुसऱ्या खंडात 'राज्य' हा कर्ताच नाही. कोणाही नागरिकावर अशी आडकाठी असणार नाही, मग ती घालणारा कोणीही असो. न्यायमूर्ती ब्रॅडलींनी जी फट दाखवून १८७५ चा कायदा मारला, खाजगी माणसाला हक्क बांधत नाही ही फट, तीच इथे बुजवलेली आहे. संविधान परदेशातून उसनं आणलं असं हिणवणाऱ्यांनी या एका खंडाचा प्रवास तपासावा. उसनं आणलेलं नाणं खोटं निघालं होतं, ते इथे नव्याने पाडलं गेलं.

आमच्या मराठवाड्याला तर याची किंमत जास्त कळायला हवी. सी. के. बोले यांचा नव्हे, सी. आणि एस. ची गल्लत नेहमी होते, सीताराम केशव बोले म्हणजेच एस. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात झाला. त्याच्या आधारावर महाड घडलं. पण नांदेड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबईचा ठराव भोकरला लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आलं आणि २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. आमच्या आजोबांच्या पिढीला मधल्या पायऱ्या मिळाल्याच नाहीत, एकदम कलम १५ मिळालं. कागदावर मिळालं, हे खरं.

अमेरिकेला मात्र तेवढ्यासाठी आणखी चौदा वर्षं थांबावं लागलं, आणि त्या चौदा वर्षांतली लढाई ज्या ठिकाणी झाली त्यांत या करमणूक बागा होत्या. वॉशिंग्टनजवळ ग्लेन एको नावाची बाग होती, तिच्यात १९२१ चा लाकडी कोस्टर आणि त्याच वर्षीचं मेरी-गो-राउंड. ३० जून १९६० ला हॉवर्ड विद्यापीठाचे काळे विद्यार्थी गोऱ्या मित्रांनी काढलेली तिकिटं घेऊन मेरी-गो-राउंडच्या लाकडी घोड्यांवर जाऊन बसले. रखवालदाराने एकाला वंश विचारला. तो विद्यार्थी म्हणाला, मानववंश. पाच जणांना अटक झाली. शेजारच्या वसाहतीतले गोरे रहिवासी, त्यांत पुष्कळ ज्यू कुटुंबं होती, विद्यार्थ्यांबरोबर उन्हाळाभर फाटकावर उभे राहिले. पुढच्या हंगामात, १९६१ मध्ये, बाग सगळ्यांना खुली झाली. बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक बागेसाठी १९६३ च्या ४ जुलैला पावणेतीनशेहून अधिक लोक अटकेत गेले, त्यांत पाद्री, धर्मगुरू आणि रब्बी होते. ही बाग खुली झाली तो दिवस २८ ऑगस्ट १९६३. त्याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंग वॉशिंग्टनमध्ये अडीच लाखांच्या मोर्चापुढे बोलत होते, आणि इकडे अकरा महिन्यांची एक काळी मुलगी बापाच्या हाताच्या आधाराने लाकडी घोड्यावर बसली. किंग यांनी त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख केला आहे. टीव्हीवर जाहिरात पाहून तिने एका करमणूक बागेत जायचा हट्ट धरला, आणि ती बाग काळ्या मुलांना बंद आहे हे तिला सांगताना बापाची जीभ कशी अडखळली ते त्यांनी लिहिलं. जेवणाचे, मतदानाचे, नोकरीचे एवढे प्रश्न समोर असताना किंग यांना तुरुंगात ही गोष्ट लिहावीशी वाटली.

आमच्या आजोबांना आम्ही हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेकराला सांगणं अवघड जातंय, हे खरं हाय."

इथे आमच्या प्रतिज्ञावाल्या मित्रांशीही दोन शब्द. बौद्धाने खंडोबाला जाऊ नये, हे आम्हाला मान्य आहे. नांदेड जिल्ह्यात राहून लोह्याजवळच्या माळेगावची जत्रा ज्याने पाहिली नाही असा माणूस विरळा, आणि तिथे देवाला मुरळी सोडण्याच्या प्रथेने आपल्याच घरातल्या किती मुली गिळल्या हे आम्ही विसरलेलो नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'सोमवंशीय मित्र'मधून या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली. पण देवळाचा गाभारा वेगळा आणि जत्रेचं मैदान वेगळं. माळेगावात मार्गशीर्षात जनावरांचा बाजार भरतो, कुस्त्या होतात, जिल्हा परिषद शेतीचं प्रदर्शन आणि लोककलेचा महोत्सव भरवते. ते मैदान देवाचं नाही, ते सार्वजनिक आहे. आपण देवळात न जाणं ही आपली निवड. आपल्याला पाळण्यातून उतरवणं ही दुसऱ्याची सत्ता. या दोन गोष्टींत गल्लत केली की उतरवणाऱ्याचं काम आपणच सोपं करतो.

कायदा याबाबत गुळमुळीत नाही. अस्पृश्यता (अपराध) कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला, आणि १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. सार्वजनिक करमणुकीचं ठिकाण म्हणजे लोकांना जिथे प्रवेश आहे आणि करमणूक पुरवली जाते अशी कोणतीही जागा, असं तो सांगतो. आणि करमणुकीत प्रदर्शन, प्रयोग, खेळ, क्रीडा आणि मनोरंजनाचा इतर कोणताही प्रकार येतो. अमेरिकेत १९६४ च्या कायद्यानंतरही एका बागेच्या मालकाने पळवाट काढली होती की करमणूक म्हणजे पाहण्याची करमणूक, स्वतः खेळण्याची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाला १९६९ मध्ये ती बुजवावी लागली. आपल्या कायद्यात ती पहिल्यापासूनच नव्हती. शिवाय २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्यावर अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक करमणुकीच्या जागी जाण्यापासून अडवणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. पाळणा या सगळ्यात येतो. लाकडी असो वा लोखंडी.

तरीही पाळणेवाल्याला आरोपी करायला आमचं मन होत नाही. त्याच्या जमातीला इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं की नाही हे आम्ही त्याला विचारलं नाही, पण दर मुक्कामी पोलीस पाटलाला नाव द्यावं लागतं तेव्हाचा त्याचा चेहरा आम्ही पाहिलेला आहे. लेकरांना उतरवायला सांगणारे वेगळे होते. तक्रारीत नावं त्यांचीच असायला हवीत, असं आम्ही वस्तीवरच्या बैठकीत म्हणालो. दोन तरुण तयार झाले, एक आई तयार झाली. आजोबा अजून तयार नाहीत. पण त्यांनी कलम १५ चा दुसरा खंड मोठ्या अक्षरात लिहून मागितला, तो आता समाजमंदिराच्या भिंतीवर आहे, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली.

ग्लेन एकोचा कोस्टर गेला, बाग १९६८ मध्ये बंद झाली, पण ते मेरी-गो-राउंड अजून फिरतं. ग्विन ओकचं मेरी-गो-राउंड १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानावर, राष्ट्रीय संग्रहालयांसमोर नेऊन बसवलं गेलं. आमच्या गावची जत्रा यंदा पुन्हा भरणार आहे. पाळण्याचं तिकीट वीसचं तीस झालंय असं पोरं सांगतात. चौघांनी पैसे साठवायला सुरुवात केली आहे. आम्हीही त्या दिवशी रांगेत असू.